शहरात प्राणी पाळताना : कोणाचा नियम, कोणाचा अधिकार?

गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर एके सकाळी नोटीस लागते : ‘पुढील महिन्यापासून इमारतीत कुत्री-मांजरे पाळण्यास मनाई आहे.’ ज्या घरात सात-आठ वर्षांपासून कुत्रा आहे, त्या कुटुंबापुढे दोनच वाटा उरल्यासारखे होते. एक तर घर सोडायचे, नाही तर प्राणी. त्याच इमारतीत एखाद्या मुलाला कुत्रा चावलेला असतो. या कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का आणि तशी नोंद कोठे आहे, असे त्या मुलाचे आईवडील विचारत असतात. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे कायद्यात आहेत. मात्र ती केंद्राचे कायदे, महापालिकेचे उपविधी आणि निवासी संस्थेचे नियम अशा तीन पातळ्यांवर विखुरलेली आहेत. कोणत्या पातळीला किती अधिकार आहे, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक वाद विकोपाला जातात.

केंद्राची चौकट

या विषयाचा पाया म्हणजे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०. याच कायद्यान्वये १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची स्थापना झाली. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे, हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजेच शेजाऱ्यांच्या तक्रारीला कंटाळून कुत्र्याला गावाबाहेर सोडून येणाऱ्या मालकावर कारवाई होऊ शकते. या कायद्यातील दंड मात्र आजही पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपयेच आहे. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

केंद्र सरकारने १० मार्च २०२३ रोजी प्राणी जन्मनियंत्रण नियम अधिसूचित केले. त्यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. पाळीव प्राण्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची, तर रस्त्यावरील कुत्र्यांसाठी तीच व्यवस्था करणे ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी असल्याचे हे नियम सांगतात.

महापालिकेचे अधिकार

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हे विषय नागरी संस्थांच्या कार्यकक्षेत नोंदविले आहेत. त्यामुळे नोंदणी, शुल्क, सार्वजनिक ठिकाणची स्वच्छता आणि दंड यांचे नियम शहरागणिक बदलतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर आकारण्याचीही तरतूद आहे. दिल्ली महापालिका अधिनियम, १९५७ च्या कलम ३९९ मध्ये कुत्र्यांच्या नोंदणीचा आणि गळ्यातील बिल्ल्याचा उल्लेख आढळतो. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांनाही नोंदणी लागू केली. नोएडा प्राधिकरणाने त्याच वर्षी असे धोरण ठरविले की, पाळीव कुत्र्याने कोणाला जखमी केल्यास मालकाने १० हजार रुपये दंड आणि जखमीच्या उपचारांचा खर्च द्यावा.

नोकरीनिमित्त पुण्याहून दिल्लीला किंवा बडोद्याहून बंगळूरुला जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या शहराचा परवाना नव्या शहरात आपोआप लागू होत नाही. लसीकरणाची नोंदवही सोबत घेऊन स्थानिक महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे नव्याने चौकशी करावी लागते.

जातींवरील बंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या जाती पाळण्यावर निर्बंध आणले. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्यास सांगितले. परंतु संबंधितांची बाजू न ऐकल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्र रद्द ठरविले. त्यामुळे पिल्लू घरी आणण्यापूर्वी आपल्या शहराचे नियम पाहून घेणे श्रेयस्कर ठरते.

संस्थेच्या नियमांची मर्यादा

निवासी संस्थेला सरसकट बंदी घालता येते का? जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला, तरीही पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करता येत नाही. लिफ्टचा वापर नाकारणे किंवा त्यासाठी वेगळे शुल्क घेणेही या सूचनांना धरून नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये निवासी संस्थांच्या नियमावलीतील अशी बंदीची कलमे बेकायदा ठरविली.

याचा अर्थ संस्थेच्या हाती काहीच नाही, असा नव्हे. आवारात कुत्र्याला पट्टा लावून न्यावे, त्याची विष्ठा मालकाने उचलावी, लसीकरणाचा दाखला दाखवावा, अशा अपेक्षा संस्था सभासदांकडून ठेवू शकते. मालकाचा हक्क आणि शेजाऱ्याची सुरक्षितता यांचा मेळ येथेच बसतो. परवाना, दाखला आणि स्वच्छता या तिन्ही बाबतींत मालक चोख असेल, तर त्याच्या प्राण्यावर आक्षेप घेणे अवघड होते. त्यांत तो कसूर करत असेल, तर केवळ प्राणिप्रेमाचा दाखला पुरेसा ठरत नाही.

गुरे, पोपट आणि कासव

घरगुती प्राणी म्हणजे केवळ कुत्री-मांजरे नव्हेत. शहरांतील गोठे आणि मोकाट गुरे हा जुना प्रश्न आहे. गुरे कोंडवाड्यात घालण्याची पद्धत १८७१ च्या कॅटल ट्रेसपास कायद्यापासून चालत आली आहे. गुजरात विधानसभेने २०२२ मध्ये शहरी भागात गुरे पाळण्यासाठी परवाना सक्तीचा करणारे विधेयक संमत केले. मात्र मालधारी पशुपालकांच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते मागे घेण्यात आले. उपजीविकेशी निगडित नियम संबंधितांना विश्वासात न घेता केले की ते टिकत नाहीत, हा त्यातील धडा आहे.

पिंजऱ्यातील हिरवा पोपट अनेक घरांत दिसतो. परंतु आपल्याकडील रानपोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने तो पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. नक्षीदार पाठीचे ‘स्टार’ कासवही त्याच वर्गात मोडते. परदेशी जातींचे काही पोपट, कासवे, इग्वाना यांसारख्या प्राण्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतंत्र नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या अशा जातींची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे त्यांनुसार बंधनकारक आहे.

रस्त्यावरील कुत्रे

२०२३ च्या नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेला कुत्रा मूळ जागी परत सोडायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल केला. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून इतरांना लस टोचून परत सोडावे, प्रत्येक प्रभागात अन्न देण्याच्या जागा निश्चित कराव्यात आणि रस्त्यावर कोठेही अन्न टाकू नये, असे त्या आदेशात म्हटले आहे. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलवून तेथे परत न सोडण्याचे निर्देश न्यायालयाने दिले.

वसाहतीत अन्न देण्यावरून वाद झाल्यास २०२३ च्या नियमांत प्राणी कल्याण समितीची तरतूद आहे. तीत पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, तक्रारदार आणि रहिवाशांचा प्रतिनिधी यांचा समावेश असतो. अन्न देण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून व प्रवेशद्वारापासून दूर असावी, असेही नियम सांगतात.

चावा झाल्यास

कुत्रा पाळीव असो वा भटका, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते; वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचविते. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून मालकाने पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सूचनाफलकावरील ती नोटीस कायद्यापुढे टिकणारी नाही, तशीच लस न देता मोकळा सोडलेला कुत्राही मालकाला जबाबदारीतून सोडवत नाही. प्राणी ठेवावा की नाही, हे बहुमताने ठरत नाही. तो कसा ठेवावा, हे मात्र कायद्याने ठरलेले आहे. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची अद्ययावत नोंद ही दोन कागदपत्रे हाताशी असली, तर इमारतीतील पुष्कळसे तंटे जिन्यातच मिटू शकतात.