चाबुआ ते कुनमिंग: पेट्रोलच्या पिंपाचा एक दिवस

पहाटे ४
वरच्या आसामातलं चाबुआ, जानेवारी १९४४. चहाच्या मळ्यांतून काढलेल्या धावपट्टीच्या कडेला पेट्रोलची पिंपं रचून ठेवली आहेत. अमेरिकेनं मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा केला, त्याखाली चीनला जाणारी ही मदत. एप्रिल १९४२ मध्ये ब्रह्मदेशातलं लाशिओ जपान्यांनी घेतलं आणि चीनकडे जाणारा गाडीरस्ता तुटला. तेव्हापासून हिमालयाच्या पूर्व टोकावरून, विमानानं जाईल तेवढीच मदत. वैमानिक या वाटेला ‘हंप’ म्हणतात.

पहाटे ५.३०
भरलेलं पिंप दीडशे किलोंहून जड. मजूर ते फळीवरून ढकलत विमानाच्या दारापर्यंत चढवतात. काही तळांवर या कामाला हत्तीही लावले आहेत.

इथवर यायलाच पिंपाला किती सायास पडले! अमेरिकेतून जहाजानं भारत, कलकत्त्याहून रुंद रुळांची गाडी, पार्वतीपूरला माल उतरवून पुन्हा मीटरगेजच्या डब्यांत. ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, म्हणून आमिनगावहून पांडूला डबे तराफ्यावरून. हा मार्ग त्याच बंगालमधून येतो, जिथे १९४३ मध्ये लाखो माणसं अन्नाविना मेली. चीनला पेट्रोल पोचवणं गरजेचं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या मदतीचा हिशेब मांडताना ती माणसं वगळता येत नाहीत. धावपट्टीसाठी खडी फोडणाऱ्या, डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायाही नाहीत. वॉशिंग्टनमध्ये मदत डॉलरांत मोजली जात होती; इथे ती त्यांच्या मानेवर आली.

सकाळी ७
सी-४६ उडतं. दोन इंजिनं, चार टनांच्या आसपास माल, चालवणारी पोरं विशीतली. ब्रह्मदेशातलं मिचिना अजून जपान्यांच्या ताब्यात आहे, म्हणून त्यांच्या लढाऊ विमानांना टाळायला उत्तरेकडून, जास्त उंच डोंगरांवरून जायचं. पत्काईची डोंगररांग ओलांडली की इरावती, साल्विन, मेकाँग यांची खोरी एकामागून एक येतात आणि मधल्या रांगा साडेचार हजार मीटरपर्यंत चढतात. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. पाठीमागे पेट्रोल, पंखांवर बर्फ धरण्याची भीती. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असलं, की उतारांवर आधी पडलेल्या विमानांचे पत्रे चमकतात. वैमानिक त्यांच्यावरून वाट ओळखतात.

सकाळी १०.३०
कुनमिंग. चिनी मजूर पिंपं उतरवतात. ती कुणाला, यावर अमेरिकन सेनापतींत कडाक्याचं भांडण आहे: शेनॉल्टना आपल्या विमानदळासाठी हवीत, स्टिलवेलना पायदळाच्या तयारीसाठी माल हवा. दोघांचीही गरज खरी आहे आणि दोघांना पुरेल इतकं येत नाही. शिवाय हे पेट्रोल पोचवताना विमानानं जाता-येता शेकडो गॅलन स्वतःच जाळलेले असतात.

दुपारी १२
परतीच्या विमानात टंगस्टन, कथील, नाहीतर चिनी सैनिक. बिहारमधल्या रामगढला त्यांचं प्रशिक्षण चालतं. पातळ सुती कपड्यांत ती पोरं थंडीनं कुडकुडत येतात. पश्चिमेचा वारा आता समोरून, म्हणून वेळ जास्त लागतो.

संध्याकाळी ५
एका विमानाची वेळ टळून गेली, बिनतारीवर उत्तर नाही. शोधपथकाला कळवतात. गेल्या ऑगस्टमध्ये पत्रकार एरिक सेव्हराइड आणि त्यांचे सहप्रवासी याच वाटेवर हवाई छत्रीनं नागा टेकड्यांत उतरले. जखमींसाठी डॉ. डॉन फ्लिकिंजर आणि दोन सहायकांनी त्याच जंगलात उड्या घेतल्या, आणि नागा गावकऱ्यांनी त्या सगळ्यांना सांभाळलं. या साऱ्या उठाठेवीत मला सगळ्यांत मोठी वाटते ती ही मदत. ती कुठल्याच करारात बसत नाही.

रात्री ९
रात्रीही उड्डाणं चालू ठेवायची, हा इथले वरिष्ठ अधिकारी टॉमस हार्डिन यांचा हुकूम. त्यामुळे डिसेंबरात महिन्याला दहा हजार टनांचं लक्ष्य पार झालं, आणि अपघातही वाढले. नोव्हेंबर १९४५ पर्यंत या वाटेनं सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. त्यापायी सहाशेच्या आसपास विमानं पडली, हजारावर माणसं गेली. आज संध्याकाळच्या बेपत्ता विमानाचा अजून पत्ता नाही. त्याच्या जागी रात्रपाळीसाठी दुसरं विमान भरायला घेतलं आहे.