हत्तीरोगाचा नकाशा रात्री का काढतात?

हत्तीपाय झालेला माणूस दिसला, की ‘या भागात हत्तीरोग आहे’ असे लोक म्हणतात. पण सुजलेल्या पायांवरून काढलेला नकाशा जुना असतो. या रोगाचे कृमी शरीरात शिरल्यावर सूज दिसायला अनेक वर्षे लागतात. तोवर माणूस गाव सोडून मुंबईत आलेला असतो. वाकोल्यात दिसणाऱ्या पायाचे मूळ विदर्भात किंवा बिहारमध्येही असू शकते. उलट, धडधाकट माणसाच्या रक्तात कृमींची सूक्ष्म पिल्ले असू शकतात. क्युलेक्स डास तीच उचलून दुसऱ्यापर्यंत नेतो. स्पर्शाने हा रोग होत नाही.

ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्वचेजवळच्या रक्तात येतात. हा डासही रात्रीच चावतो. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात. आता दिवसा करता येणारी चाचणीही निघाली आहे. शंभरात एक किंवा अधिक जणांच्या रक्तात पिल्ले सापडली, की त्या भागात सामुदायिक औषधोपचार होतो. देशात ही मोहीम २००४ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. महाराष्ट्रात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा असे जिल्हे तिच्यात आले. नागपुरात २०१९ मध्ये डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन ही तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली.

नकाशावर कोरी दिसणारी जागा रोगमुक्त असतेच असे नाही. ‘आम्हाला काही झालेले नाही’ म्हणून लोकांनी दार लावून घेतले, तरी ती कोरीच राहते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. वारंवार ताप, जांघेत गाठ, पायावर किंवा अंडकोषावर सूज असेल, तर डॉक्टरांना मूळ गाव व तेथील वास्तव्य आवर्जून सांगा. मोहिमेच्या काळात गावी असाल, तर गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच, जेवणानंतर घ्या. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर थोडा ताप किंवा अंगदुखी झाली, तर बहुधा ती कृमी मरत असल्याची खूण असते. घाबरू नका, पण त्रास वाढल्यास दाखवा. पाय सुजलेला असल्यास रोज साबणाने धुऊन, बोटांमधली जागा कोरडी ठेवा.

क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि आपल्याकडे गटारे व नाले कमी नाहीत. शौचालयाच्या टाकीच्या हवानळीला जाळी बांधा, रात्री मच्छरदाणी लावा.