ई-मेलची रांग कोण पाहतो?

मुकुटबन (जि. यवतमाळ) येथे २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा वर्षाकाठी ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा कारखान्याभोवती ट्रकमालक, सुट्या भागांचे दुकानदार, लहान कंत्राटदार यांचा धंदा उभा राहतो. त्यांची दरपत्रके व बिले आता ई-मेलने जातात. तो वेळेवर पोचला नाही तर झळ लहान माणसालाच बसते. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

अडकलेला ई-मेल ओरडत नाही. पलीकडचा सर्व्हर तो घेत नसेल तर आपला सर्व्हर त्याला रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न चार-पाच दिवसही चालतात. सोमवारचे दरपत्रक पोचलेच नाही हे शुक्रवारी कळले, तर निविदेची मुदत टळून गेलेली असते.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे: एसएनएमपी. १९८८ साली हा नियम ठरला. सर्व्हरवर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम बसतो. देखरेख करणारा संगणक ठरावीक वेळाने त्याला आकडे विचारतो. ई-मेलसाठी कोणते आकडे विचारावेत, याची यादी १९९४ साली तयार झाली. त्यात तीन आकडे मुख्य आहेत: किती संदेश आले, किती पुढे गेले, किती पडून आहेत. पडून असलेले वाढत आहेत आणि पुढे जाणारे थांबले आहेत, तर वाट बंद झाली असे समजावे. मध्यरात्री जाणारे एकाएकी वाढले, तर कोणाचा पासवर्ड चोरीला गेला काय, हे तपासावे.

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडा जातो, आणि पुष्कळ ठिकाणी तो 'पब्लिक' असाच ठेवलेला असतो. म्हणून तिसरी आवृत्ती वापरावी. एजंट स्वतःहून पाठवतो ती सूचना वाटेत हरवू शकते, म्हणून विचारणाही चालू ठेवावी. आणि धोक्याची सूचना त्याच ई-मेलने मागवू नये, मोबाईलवर मागवावी. बंद दाराचा निरोप त्याच दारातून कसा येणार?

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर नाही, त्या व्यापारी बांधवांनी सेवा देणाऱ्याला एवढेच विचारावे: आमची रांग कोण पाहतो, आणि ती तुंबली तर किती वेळात कोणाला कळते? उत्तर मिळाले नाही, तर महत्त्वाच्या प्रत्येक ई-मेलनंतर एक फोन करावा, असा आमचा सल्ला आहे.