ट्रॉलीला ब्रेक कुठे असतो?

हळदीची काढणी पुन्हा सुरू झाली आहे. सकाळी सातच्या सुमाराला वसमतहून कुठल्याही गावाकडे निघा, समोरून ट्रॅक्टर येतो, मागे ट्रॉली आणि ट्रॉलीत उभ्याने-बसून निघालेल्या बाया. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या मांडीवर लेकरू. 4 एप्रिल 2025 रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर महिला अशाच निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी गेल्या. मदत जाहीर झाली, चालकाची चर्चा झाली, विहिरींच्या कठड्यांची झाली. पुढच्या हंगामाला ट्रॉल्या पुन्हा तशाच भरून निघाल्या.

त्या अपघाताचे कारण ट्रॉलीच होती, असे म्हणायचे नाही. पण त्यानंतर जी चर्चा व्हायला हवी होती, ती झालीच नाही. ट्रॅक्टर घेताना आपण महिनाभर चौकशी करतो. किती एचपी, किती लिफ्ट, डिझेल किती पितो, पुन्हा विकताना भाव काय येईल, सगळे विचारून होते. ट्रॉली मात्र रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात सांगून बनवली जाते आणि तिथे ठरलेले दोनच प्रश्न असतात: किती फुटी आणि किती टनी? रंग कोणता आणि मागच्या फाळक्यावर नाव कुणाचे, यावरही बराच खल होतो. ब्रेकचा विषय निघत नाही. निघाला तर उत्तर तयार असते, ट्रॅक्टरला आहे की!

आधी फुटांचे बघू, कारण खरी फसगत तिथे सुरू होते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच फाळक्यांची ट्रॉली आपल्याकडे अगदी सर्रास दिसते. तिच्यात 120 घनफूट माल मावतो. सोयाबीन काठोकाठ भरले तर साधारण 25 क्विंटल होते. त्याच ट्रॉलीत वाळू भरली की सव्वा ब्रासच्या आसपास जाते आणि वजन होते 54 क्विंटल. वाळू ओली असेल तर त्याहून जास्त. डब्बा तोच, टायर तेच, ॲक्सल तोच आणि ओझे दुपटीहून अधिक. म्हणून ‘दहा बाय सहाची ट्रॉली’ या वर्णनातून ती किती ओझे झेपवेल, हे काहीच कळत नाही. शेतकरी ट्रॉली बनवतो सोयाबीन-हळदीच्या हिशेबाने आणि हंगाम संपला की भाडे मारतो वाळू, मुरूम, विटांचे. त्यात कापसासाठी म्हणून वर फूटभर फळ्या वाढवलेल्या असतात. कापसाला त्या ठीक आहेत, पण वाळू भरताना कुणी त्या काढून ठेवत नाही.

आता ब्रेक. आपल्याकडच्या साध्या, दोन चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. ते कितीही चांगले असले तरी ट्रॅक्टर थांबतो तो मागच्या दोन टायरांची रस्त्यावर जेवढी पकड असेल तेवढ्यावर. ही पकड येते त्या टायरांवरच्या वजनातून. पन्नास एचपीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो आणि त्यातले सुमारे 14 क्विंटल मागच्या चाकांवर असते. हे आकडे घेऊन कागदावर गणित मांडले. नुसता ट्रॅक्टर, कोरडा डांबरी रस्ता, ताशी 30 किलोमीटर वेग: ब्रेक दाबल्यावर आठेक मीटरमध्ये थांबतो. मागे सोयाबीनने भरलेली बिनब्रेकची ट्रॉली असेल तर 17 मीटर. वाळूची असेल तर 22-23 मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर प्रत्येक वेळी आणखी आठ मीटर.

इथवर कुणी म्हणेल, ठीक आहे, सांभाळून चालवू. पण हिंगोली जिल्हा म्हणजे फक्त पूर्णेच्या कालव्याखालचे वसमतचे सपाट रान नव्हे. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडचे रस्ते डोंगर-टेकड्यांचे चढउतार घेत जातात. शंभर फुटांत पाच फूट उतरणारा रस्ता डोळ्याला फारसा उतारही वाटत नाही. त्या उतारावर वाळूची तीच ट्रॉली कोरड्यात 33 मीटर घेते. पाऊस पडून गेला असेल आणि पकड निम्म्यावर आली असेल, तर सव्वाशे मीटर! त्याच ओल्या उतारावर मागे एकाऐवजी तशाच वजनाच्या दोन ट्रॉल्या असतील तर गणित संपतेच. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना वेग कमी होण्याऐवजी वाढत जातो. यात चालकाचे कौशल्य, अनुभव, देवाचा फोटो यांपैकी कशाचाही उपयोग नाही. हे गणितही सौम्य आहे, कारण टायर चांगले आहेत असे त्यात धरले आहे. आपल्या ट्रॉल्यांना टायर कोणते असतात, ते जाणत्याला सांगायला नको. ट्रकने टाकून दिलेले.

उतारावर डिझेल वाचवायला ट्रॅक्टर न्यूट्रल करणाऱ्यांनी हे गणित दोनदा वाचावे. चढ ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम आहे. वेग मुळात वाढूच दिला नाही तर ब्रेकवर वेळच येत नाही.

ट्रॅक्टरच्या उजव्या पायाखाली एकदा वाकून बघा. तिथे ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. शेतात तासाच्या शेवटी जागच्या जागी वळायचे असते, तेव्हा एकच पॅडल दाबून ट्रॅक्टर फिरवतात. दोन्हींना जोडणारी एक छोटी लोखंडी कडी असते. रस्त्यावर आल्यावर ती लावायची, म्हणजे दोन्ही चाके सारखी धरतात. ही कडी कित्येक ट्रॅक्टरवर गंजून एका बाजूला लोंबकळत असते, काहींवर तर नसतेच. रस्त्यावर घाईत पाय एकाच पॅडलवर पडला की ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो, मागची ट्रॉली सरळ ढकलत राहते आणि दोन्हींची घडी होते. कडी लावायला पाच सेकंद लागतात आणि खर्च काहीच नाही. या लेखातले दुसरे काही पटले नाही तरी एवढे करा.

ट्रॉलीत माल कुठे टाकायचा, हे मात्र आपल्याकडच्या जुन्या गाडीवानाला शिकवावे लागत नसे. गाडी उलाळ झाली तर बैलाच्या मानेवरचे जू वर उचलले जाते आणि धुरजड झाली तर बैल ओझ्याने दबतो, हे त्याला ठाऊक होते. दोन टायरच्या ट्रॉलीला हाच न्याय लागू आहे. माल मागे जास्त पडला की हूक वर ओढला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. म्हणजे ज्या दोन टायरांवर सगळा ब्रेक अवलंबून, त्यांचीच पकड जाते. उलट सगळे ओझे पुढे आले तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही आणि चढावर तोंड वर करतो. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर यावा, असा साधा अंदाज आहे. हूकही खालचाच वापरायचा. ट्रॉली मागच्या ॲक्सलच्या वर कुठेतरी अडकवली तर ट्रॅक्टर मागे उलटण्याची सोय आपणच करून ठेवतो. चार टायरच्या ट्रॉलीचे ओझे हुकावर जवळजवळ येत नाही. त्यामुळे ती भरायला सोपी, पण ट्रॅक्टरच्या ब्रेकला तिची काडीची मदत नाही. तिला स्वतःचे ब्रेक हवेतच.

हे ब्रेक काही परग्रहावरून आणायचे नाहीत. लहान ट्रॉलीसाठी सर्वात साधा प्रकार म्हणजे धक्क्यावर चालणारा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे ढकलते, त्या ढकलण्यानेच हुकाचा दांडा आत सरकतो आणि ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लागतो. चालकाला वेगळे काही करावे लागत नाही. रिव्हर्स घेताना मात्र तो अडकवून ठेवावा लागतो, नाहीतर मागे घेतानाही लागतो. याहून मोठ्या वजनाला ट्रॅक्टरच्या ब्रेकशी जोडलेले हायड्रॉलिक ब्रेक आणि कायम भाड्याच्या, उसाच्या कामाला एअर ब्रेक. युरोपात मोटारीमागे लावायच्या ट्रेलरचे भरलेले वजन साडेसातशे किलोच्या पुढे गेले की त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. साडेसातशे किलो म्हणजे आपल्याकडे साताठ पोती आणि खाली रिकामी ट्रॉली, एवढेसुद्धा नाही.

आपल्याकडे काय होते? ऊस गाळप सुरू झाले की रिफ्लेक्टर बसवण्याचे कार्यक्रम होतात. अधिकारी, कारखान्याचे संचालक, हातात लाल पट्टी, फोटो. रिफ्लेक्टर हवाच, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्याने वाचतो. पण उसाच्या त्याच ट्रॉल्यांच्या खाली वाकून चाकांना ब्रेक आहे का, हे बघतानाचा फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही. पट्टी चिकटवायला दोन मिनिटे लागतात, ब्रेक तपासला तर निम्म्या ट्रॉल्या परत पाठवाव्या लागतील आणि गाळप थांबेल. खरी अडचण ही आहे आणि ती कुणी उघड बोलत नाही.

कायद्याच्या लेखी ट्रॉली हे मोटार वाहनच आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर स्पष्ट शब्दांत येतो, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि त्या कागदावर रिकामे व भरलेले वजन लिहिलेले असते. त्या वजनापुढे गेले तर कलम 194 खाली 20 हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. ट्रॉलीत बसलेल्या मजुराला काही झाले तर विम्याचा दावा वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळतो, तो याच मुद्द्यावर. बायांना शेतावर न्यायला ट्रॉलीशिवाय काही नाही, हे खरे आहे. सकाळी सातला शिवारात जाणारी एसटी नसते. पण मग मजुरी ठरवताना जाण्यायेण्याच्या गाडीचे भाडे धरावे लागेल आणि ते हळदीच्या मालकाने द्यावे लागेल. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आहे, तर ती काढणाऱ्या बाईला जीपमध्ये बसवण्याएवढी ऐपतही आपण दाखवायला हरकत नाही.

मग ट्रॉली घ्यायची किती मोठी? परदेशी ट्रॅक्टर कंपन्यांच्या पुस्तिकांत एक नियम असतो: ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे मालासकट वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीच्या आत हवे आणि वेग ताशी 32 किलोमीटरच्या आत. सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरला हे लावून बघा. दीडपट म्हणजे जेमतेम 34 क्विंटल. त्यातून ट्रॉलीचे स्वतःचे 13 क्विंटल वजा केले की उरतो 21 क्विंटल माल. म्हणजे बिनब्रेकच्या दहा-सहाच्या ट्रॉलीत सोयाबीनसुद्धा काठोकाठ भरायचे नाही आणि वाळू फक्त तळाला, पाऊण फुटापर्यंत. एवढ्यात भागत नसेल तर मोठी ट्रॉली जरूर घ्या, पण ब्रेकसहित घ्या. ब्रेकचा खर्च नको असेल तर लहान ट्रॉली आणि दोन खेपा जास्त. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

नवी ट्रॉली सांगायची असेल तर दुकानदाराकडून ॲक्सल किती टनांचा, टायर कोणते आणि ब्रेक कोणता, हे बिलावर लिहून घ्या. जुनी असेल तर पुढच्या वेळी बाजार समितीत माल नेताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली वेगवेगळे काट्यावर चढवा, रिकामे आणि भरलेले. चार आकड्यांची ती चिठ्ठी चालकाच्या खिशात राहू द्या.