निकालाच्या नकाशावरील नसलेल्या रेषा

2024 च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघात नीलेश लंके यांना 6,24,797 आणि सुजय विखे पाटील यांना 5,95,868 मते मिळाली, आणि केवळ 28,929 मतांच्या या फरकावर निकालाच्या नकाशांत शेवगावपासून जामखेडपर्यंतचा सारा मुलूख एकाच रंगाने भरून निघाला. मनमाड रस्त्यावरील नागापूरसारख्या, औद्योगिक वसाहतीला लागून वाढलेल्या उपनगरातील वाचकाला आपल्या वस्तीचा रंग कोणता, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आणि मतदान यंत्रांतील मते केंद्रनिहाय मोजली जात असल्यामुळे त्याचे उत्तर सोपे असावे, असेही वरकरणी वाटते.

आकडे उपलब्ध असतात, हे खरे आहे. प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली, याचा तक्ता ‘नमुना 20’ या अंतिम निकालपत्रात असतो, आणि कोणत्या बूथने किती लीड दिले याची चर्चा त्याच्याच आधारे चालते. अडचण अशी की ज्या जमिनीवर हे आकडे मांडायचे, ती जमीन निकालपत्रात नसते. मतदान केंद्र म्हणजे मतदार यादीचा एक ‘भाग’, म्हणजेच माणसांची यादी. तिच्यासोबत जोडलेला ‘नजरी नकाशा’ रस्ते, देवळे आणि शाळा ओळखता याव्यात एवढ्यापुरता, प्रमाणाविना काढलेला असतो. निवडणुकीपूर्वी केंद्रांचे सुसूत्रीकरण झाले की भागांचे क्रमांकही बदलू शकतात, आणि 2025 मध्ये एका केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा 1,500 वरून 1,200 करण्यात आल्याने अशा फेररचनेला आणखी निमित्त मिळाले आहे. टपाली मते तर कोणत्याच केंद्राच्या खात्यात जात नाहीत. ती तक्त्याच्या शेवटी वेगळी मांडली जातात, म्हणून नकाशावरील सर्व केंद्रांची बेरीज केली तरी ती अंतिम निकालाशी जुळत नाही.

यावर नकाशाकार जो उपाय योजतात, तो पाटबंधारे खात्यातील अभियंत्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड थीसन यांनी 1911 मध्ये पर्जन्यमापकांसाठी एक पद्धत मांडली, जिच्यात प्रत्येक ठिकाणचा पाऊस त्याला सर्वांत जवळच्या मापकाच्या खाती टाकला जातो आणि त्यातून प्रदेशाचे बहुभुज तुकडे पडतात. पर्जन्यमापकाच्या जागी मतदान केंद्र ठेवले की बूथनिहाय नकाशा तयार होतो खरा, पण शहरी भागात एकाच शाळेच्या चार खोल्यांत चार केंद्रे असतात, चारही बिंदू एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामध्ये रेषा ओढायला जागाच उरत नाही. शिवाय पाऊस जवळच्या मापकात पडतो, मतदार मात्र जिथे नाव असेल तिथे जातो. (लंडनच्या कॉलऱ्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्नो यांनी 1855 च्या आपल्या सुधारित नकाशात ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची रेषा सरळ अंतराने नव्हे, तर रस्त्याने चालण्याच्या अंतराने काढली होती, संगणकावर झटपट तयार होणाऱ्या आजच्या अनेक नकाशांपेक्षा तिच्यामागचा विचार अधिक काटेकोर होता.)

नागापूरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. विधानसभेची यादी भागांनुसार असते, जनगणना प्रगणक गटांनुसार होते, आणि महापालिकेचे प्रभाग जनगणनेच्या आकड्यांवर आखले जातात. या तिन्ही विभागण्यांच्या रेषा एकमेकींशी जुळतीलच असे नाही. 2018 मध्ये अहमदनगर महापालिकेचे 68 नगरसेवक 17 प्रभागांतून, म्हणजे प्रत्येक प्रभागातून चार याप्रमाणे, निवडले गेले. एकच मतदार चार जागांसाठी चार पक्षांना मत देऊ शकत असेल, तर त्या प्रभागाला कोणता रंग द्यावा, याचे शास्त्रीय उत्तर नाही. शहराबाहेरील नगर तालुक्याची गावे राहुरी, पारनेर आणि श्रीगोंदा या तीन विधानसभा मतदारसंघांत विभागली गेल्याने तालुक्याचा असा एकसंध निकालही कुठे छापील सापडत नाही.

रेषा बदलल्याने निष्कर्ष किती बदलू शकतो, हे स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या 99 काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय घटकांत, वृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मते यांचा संबंध त्यांनी तपासला. त्याच काउंट्या वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून मोजक्या मोठ्या विभागांत बांधल्यावर, दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात हे सांगणारा सहसंबंध गुणांक जवळजवळ उणे 1 पासून अधिक 1 पर्यंत हवा तिकडे नेता आला, आणि तेही एकही मत न हलवता. ‘अमुक वस्तीने तमुक पक्षाला तारले’ अशी ठाम विधाने करणाऱ्या विश्लेषकांनी हा निबंध वाचला असावा, असे त्यांच्या नकाशांवरून तरी जाणवत नाही.

अचूकतेचा हा आग्रह गुप्त मतदानाच्या हक्कापर्यंतही जाऊन भिडतो. हजारभर मतदारांच्या केंद्राचा निकाल उघड झाला, तर विरोधात गेलेल्या वस्तीवर राग काढता येतो. म्हणूनच मतपत्रिकांच्या काळात, धाकदपटशाची शंका असेल तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका आधी मिसळून मग मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांत करण्यात आली होती. यंत्रांबाबत तेच साधण्यासाठी 14 केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ या उपकरणाचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये केंद्र सरकारकडे पाठवला आणि 2015 मध्ये विधी आयोगानेही त्याची शिफारस केली, पण सरकारने तो स्वीकारला नाही. तो स्वीकारला गेला असता, तर बूथनिहाय नकाशे काढणाऱ्यांचे काम जवळपास संपले असते, आणि ते संपणे हा तोटा मानण्याचे कारण नाही.