मावळा कसा दिसत होता?

मुलांनो,

गेल्या वर्षीच्या शिवजयंतीची गोष्ट. प्रभातफेरीत आपले मावळे किती ऐटीत चालले होते! डोक्यावर सोनेरी पुठ्ठ्याचे टोप, छातीवर चंदेरी कागदाची चिलखते. फक्त एक मुलगा आला नाही. त्याचे नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडं टोप नव्हता. मग मावळा कसा होणार?"

मला उत्तर देता येईना. कारण 'टोप व चिलखत करून आणावे' असे फळ्यावर मीच लिहिले होते. ती चूक माझी. मग मी पुस्तके काढून वाचत बसलो. जे कळले ते यंदा आधीच लिहीत आहे.

मावळा म्हणजे कोण? सूर्य मावळतो त्या बाजूचा, सह्याद्रीच्या कुशीतला डोंगराळ मुलूख तो मावळ. तिथला माणूस मावळा. पुण्याखाली बारा मावळ आणि जुन्नर-शिवनेरीखाली बारा मावळ अशी जुनी मोजणी आहे. मीना नदीचे खोरे ते मिन्नेर, कुकडीचे कुकडनेर आणि घोड नदीचे घोडनेर. म्हणजे आपलाच भाग की!

आता त्याचा पोशाख बघू. ग्रँट डफ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात महाराजांच्या पायदळाचे वर्णन आहे. अर्ध्या मांडीपर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब अरुंद पट्टा, डोक्याला पागोटे. अंगात कधी सुती बंडी, कधी तीही नाही. शिवाय कमरेला आणखी एक कापड गुंडाळलेले असे. थंडी वाजली की तेच अंगावर घ्यायचे. झाला पोशाख! टोप आणि चिलखते त्या काळी होती, नाही असे नाही. पण ती मोठ्या सरदारांच्या अंगावर. साध्या पायदळाला ती कुठली मिळणार?

आणि मिळाली असती तरी काय उपयोग? तुम्ही हिरडा गोळा करायला रानात जाता, तेव्हा अंगावर लोखंड बांधून झाडावर चढता येईल का, सांगा पाहू! मावळ्याला कडे चढायचे होते, रात्री चालायचे होते. १६५७ सालच्या एप्रिलअखेरीस महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नर शहरावर छापा घातला. रात्री दोराच्या शिड्या लावून माणसे तटावर चढली. २०० घोडे आणि ३ लाख होन हाती लागले. हलक्या अंगाची माणसे होती, म्हणून हे जमले.

आता हत्यारे. ढाल, तलवार आणि बंदूक ही मुख्य. ढाल जाड कातड्याची. वजनाला हलकी, पण वार झेलणारी. बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे जळत राहणारी सुताची वात. ती दारूला लावली की बार उडे. पण पावसात वात विझते आणि अंधारात तिचा निखारा शत्रूला दिसतो. म्हणून दर दहा माणसांत एकाजवळ बंदुकीऐवजी तिरकमठा असे. रात्रीच्या छाप्यात बाण आवाज न करता जातो. कोकणातले हेटकरी बंदुकीच्या नेमात पटाईत, तर मावळे तलवारीत. भाला आणि विटाही होता. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकला की दोरीने परत ओढून घ्यायचा.

मला सगळ्यांत नवल वाटले ते पुढेच. ही हत्यारे मावळ्याने स्वतःच्या घरून आणायची असत! सरकारातून दारूगोळा तेवढा मिळे. पगार महिन्याला एक ते तीन होन. काही जण तर नुसत्या पोटापुरत्या धान्यावर चाकरीला राहत. पण भरती होताना एक गोष्ट मात्र लागेच लागे. आधीच्या शिपायांपैकी कुणीतरी जामीन राहून 'हा माणूस इमानी आहे' असे सांगावे लागे. टोप नसला तर चाले, इमान नसले तर चालत नसे. दहा माणसांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, अशी वर चढत रचना होती. सगळ्या पायदळाचे सरनोबत होते येसाजी कंक.

१६७५ साली फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर कोकणातून घाट चढून आपल्या जुन्नरला आला होता. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने त्याला औषधोपचारासाठी बोलावले होते. शिवाजीची माणसे जाडेभरडे खाऊन राहतात, झपाझप चालतात आणि चैन करीत नाहीत, म्हणून ती लढाईला जास्त लायक, असे त्याने लिहून ठेवले आहे.

डोंगरातल्या माणसांचे हे सगळीकडेच दिसते. इराणच्या उत्तरेला दैलम नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथले पायदळ असेच नावाजलेले होते. हातात आखूड भाला आणि रंगवलेली ढाल घेऊन ते लढत. आपल्यासारखीच डोंगर तुडवणारी माणसे ती!

तर मुलांनो, यंदा १९ फेब्रुवारीला कुणीही टोप आणायचा नाही. आखूड चड्डी, कमरेला घरातला पंचा आणि डोक्याला आजोबांचे मुंडासे. जुने, विटलेले असले तरी चालेल. ढाल पुठ्ठ्याची आपण शाळेतच करू, तलवार लाकडाची. (घरचा कोयता कुणी आणायचा नाही बरं का!) मुलींनीही मावळे व्हायला हरकत नाही.

मुंडासे बांधता येत नसेल तर घरी आजोबांकडून शिकून या. मलाही येत नाही. ज्याला आधी येईल त्याने मला शिकवावे.

— तुमचे गुरुजी