पराक्रमाचा जमाखर्च

पर्युषणाच्या दिवसांत सुप्यातील आमच्या घरी सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर मुलांची बैठक भरते. वडीलधाऱ्यांनी एखादी धर्मकथा सांगावी आणि मुलांनी प्रश्न विचारावेत, असा तिचा साधा रिवाज आहे. या खेपेस मात्र कथेच्या आधी प्रश्न आला. सातवीत शिकणाऱ्या नातवाने विचारले, "दादाजी, बॅटमॅन जोकरला कधीच ठार मारत नाही. जोकर सुटून येतो आणि पुन्हा माणसे मारतो. त्या माणसांचे पाप कोणाला लागते?"

थोरली नात लगेच म्हणाली, "जोकरलाच. बॅटमॅन अहिंसा पाळतो."

"मग ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांना जाऊन हे सांगशील का?" नातवाने विचारले.

कॉमिक्स म्हणजे पोरखेळ, असे म्हणून हा विषय झटकता आला असता. पण अहिंसेचा श्वास घेणाऱ्या घरात हा प्रश्न पोरखेळ ठरत नाही. शिवाय मीही कधी काळी तीच पुस्तके वाचली आहेत. त्या रात्री मी मुलांकडे दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे सुचले, ते येथे मांडत आहे.

वेताळापासून बॅटमॅनपर्यंत

आमच्या पिढीचा महानायक होता वेताळ. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' आपल्याकडे या नावाने आला. टाइम्स समूहाने मुंबईहून १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका मराठीतही निघत असे आणि १९९० पर्यंत चालली. नगर-पुणे रस्त्यावरील प्रवासात एकाच अंकावर आम्हा भावंडांची झोंबाझोंबी होई. त्याच मालिकेत १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. तो दरोडेखोराचा मुलगा. बापाच्या मृत्यूचा सूड मनात धरणारा हा तरुण पुढे सूड सोडून कायद्याच्या बाजूने उभा राहतो. पराक्रमापूर्वी मनाचा पालट होणारा असा नायक विरळाच.

१९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' अवतरला, तेव्हा जबाबदारीचा प्रश्न थेट घराघरांत शिरला. त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि कार्यक्रमातूनच मुलांना सावध करावे लागले. नायकाची जबाबदारी कथेच्या चौकटीत संपत नाही, हे त्या वेळी पालकांना उमगले.

अमेरिकी चित्रकथांतील वाद

ज्या देशात १९३८ मध्ये सुपरमॅन आणि १९३९ मध्ये बॅटमॅन जन्मले, तेथेही हा वाद जुना आहे. १९६२ मध्ये आलेल्या स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेत पीटर पार्करला अचानक शक्ती लाभते. समोरून पळणाऱ्या चोराला तो सहज अडवू शकला असता. पण 'हे माझे काम नाही', असे मानून तो बाजूला होतो. पुढे तोच चोर त्याच्या पितृतुल्य काकांचा जीव घेतो. सामर्थ्य असूनही केलेली उपेक्षा हासुद्धा दोषच, हा त्या कथेचा बोध आहे.

२००६-०७ मधील 'सिव्हिल वॉर' या कथामालेत याची दुसरी बाजू येते. प्रसिद्धीच्या हव्यासापायी काही तरुण नायक कॅमेऱ्यासमोर आपल्या आवाक्याबाहेरच्या खलपुरुषांवर चाल करून जातात. त्यातून घडलेल्या स्फोटात शेकडो नागरिक मरतात. त्यांत शाळकरी मुलेही असतात. मग सरकार कायदा करते की प्रत्येक महानायकाने आपले नाव नोंदवावे आणि शासनाला उत्तरदायी राहावे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, तर कॅप्टन अमेरिका विरोधात उभा राहतो आणि कालचे मित्र एकमेकांवर तुटून पडतात. दुकानाला परवाना लागतो, तराजूला सरकारी मुद्रा लागते. मग अफाट बळाला काहीच नको का, हा प्रश्न आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना सहज समजेल.

शास्त्राची नोंदवही

आपल्या परंपरेने हा हिशेब फार पूर्वी मांडून ठेवला आहे. त्रेसष्ट शलाकापुरुषांत चोवीस तीर्थंकर आणि बारा चक्रवर्ती यांच्यासह नऊ बलदेव, नऊ वासुदेव आणि नऊ प्रतिवासुदेव आहेत. विमलसूरींच्या 'पउमचरिय'मध्ये आणि हेमचंद्राचार्यांच्या बाराव्या शतकातील 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त रावणाचा वध राम करीत नाहीत, लक्ष्मण करतात. राम बलदेव आहेत. ते पुढे दीक्षा घेऊन मोक्षाला जातात. लक्ष्मण वासुदेव आहेत. अन्यायाविरुद्ध लढूनही ते नरकगतीला जातात. आणि हे लिहिणाऱ्या आचार्यांच्या मनात लक्ष्मणांविषयी अनादर मुळीच नाही.

यातील कठोर प्रामाणिकपणा पाहावा. कार्य न्याय्य होते, म्हणून हिंसेची नोंद पुसली गेली नाही. जमेची बाजू जमेला, खर्चाची खर्चाला. खलपुरुष मेला की टाळ्या वाजवून शेवटचे पान मिटणाऱ्या कथांहून आपली कथा येथे वेगळी होते.

दुसरा विचार प्रमादाचा. नुसत्या प्राणहरणाकडे न पाहता आपले शास्त्र त्यामागील बेफिकिरीकडे बोट दाखवते. साधू-साध्वी ईर्यासमितीने, पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात. याउलट एका शत्रूच्या पाठलागात अर्धे शहर जमीनदोस्त करणारा नायक पाहा. त्या मोडतोडीला श्रावकाच्या व्रतांत नेमके नाव आहे, अनर्थदंड. हेतू साधण्यासाठी गरज नसताना केलेली हानी, असा त्याचा अर्थ.

आणि सामर्थ्य कोठे आवरावे, हे बाहुबलींनी दाखवले. दोन्ही सैन्यांचा संहार टळावा म्हणून भरत आणि बाहुबली या दोन भावांनी आपसांत द्वंद्व केले. श्वेतांबर परंपरेतील कथेत बाहुबलींनी भावावर उगारलेली मूठ वाटेतच थांबवली आणि त्याच मुठीने स्वतःचा केशलोच केला. उगारलेला हात परत घेणे, हाच तेथील परमोच्च पराक्रम ठरला.

नातवाला दिलेले उत्तर

दोन दिवसांनी मी मुलांना म्हणालो, "जोकरने केलेल्या हत्यांचे पाप जोकरचेच. बॅटमॅनने त्याला पकडून न्यायव्यवस्थेच्या स्वाधीन केले, तेथे त्याने आपली मर्यादा राखली. पुढे पहाऱ्यात ढिलाई झाली, तर ती पहारेकऱ्यांची. पण पुन्हा धोका दिसत असताना बॅटमॅन स्वस्थ बसला, किंवा रागाच्या भरात त्याने निरपराधांना चिरडले, तर ते त्याच्या खात्यात जमा होईल."

नातवाचे पूर्ण समाधान झाले नाही. "मेलेल्यांच्या घरच्यांना हे पटणार नाही," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. दुःख हिशेबाने शमत नाही, हे मीही त्याला कबूल केले.

मग मी मुलांना एक सत्यघटना सांगितली. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकांनी त्याचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा, हे वाचकांना दूरध्वनीवरून ठरवायला सांगितले. जगावा म्हणून ५,२७१ मते पडली आणि मरावा म्हणून ५,३४३. फरक अवघ्या ७२ मतांचा. पुढच्या अंकात जोकरच्या हातून रॉबिन मेला.

नात गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ही अनुमोदना झाली." तपस्व्यांच्या तपाची अनुमोदना आपण नेहमी करतो. पण करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे तीन मार्ग पापालाही तितकेच खुले असतात. रॉबिन कागदावरचा होता. मत देणाऱ्यांची मने मात्र खरी होती.

बैठक संपता संपता नातवाने शेवटचा प्रश्न टाकला. "दादाजी, आपल्या दुकानात मुखवट्यांशेजारी खेळण्यातली पिस्तुले टांगलेली आहेत. ती कोणत्या खात्यात?"

अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसाप्रदान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे, हाही एक आहे. प्लास्टिकचे पिस्तूल काही शस्त्र नव्हे, हा युक्तिवाद माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. संवत्सरीच्या दिवशी दुकान बंद होते. दुसऱ्या दिवशी ते उघडले, तेव्हा ती माळ मी खाली उतरवली. मुखवटे तेवढे राहू दिले. त्यांविषयीची चर्चा आमच्या घरी अजून चालू आहे.